कोंबडीच्या पायाला वजरी

मी वजरी बोलतेय. हो, तीच, पाय घासायची. माझं नाव ऐकून खुर्चीखाली ओढून घेतल्यात ना टाचा, त्या आधी बाहेर काढा. मी काही बघत नाही. बघितल्या. भेगा आहेत.

राग आला? येऊ दे. आम्हा खरबरीत पोटाच्या बायकांना गोड बोलायची सवय नसते. शाळेत मी कधी गेले नाही. एकदा एका मास्तरीणबाईंच्या पिशवीत चुकून पडले आणि शाळेच्या दारापर्यंत जाऊन आले, तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा गोष्ट शिस्तीत येईल अशी आशा धरू नका. त्यातून आज माझा जीव नुसता खालीवर होतोय. परसात, खुराड्यातल्या एका फळीच्या टोकावर मला कुणीतरी विसरून गेलंय. खाली भुशात ठमी बसलीय. ती या फळीवर चढते की नाही, तिकडे माझा एक डोळा आहे. तुम्ही ऐका. मी मधेमधे तिकडे बघत जाईन.

ठमी म्हणजे कोंबडी. सांगते, सांगते.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. पितळ वितळवलं, साच्यात ओतलं, पाठीवर धरायला मूठ दिली आणि पोटावर ओळीने खाचा पाडल्या. शेवटच्या ओळीला त्या बिचाऱ्याला शिंक आली. म्हणून माझ्या एका कडेच्या खाचा तिरक्या आहेत. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं, ‘चालतंय’ म्हणाला आणि टोपलीत टाकलं. त्या शिंकेनेच पुढे माझं नाव झालं. सरळ खाचा घासतात. तिरक्या गुदगुल्या करतात.

मला विकत घेतलं दोन बहिणींच्या आईने. आई गेली, बहिणी राहिल्या आणि त्यांच्याबरोबर मी. दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या, भांडत भांडत. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरलीने घराच्या पुढच्या खोलीत पायांचं काम सुरू केलं. एक उंच खुर्ची, एक बुटकं स्टूल, कोमट पाण्याचा टब, आणि मी. भेगा, कुरूप, वाढलेली नखं, काय म्हणाल ते. लोक तिला पायवाली म्हणायचे, आणि ती मान ताठ करून ‘हो, मीच’ म्हणायची.

काय काय पाय बघितलेत मी! माणसं तोंडाला पावडर लावून येतात, नवे कपडे घालून येतात, आणि चप्पल काढायची वेळ आली की लाजतात. ‘आज जरा धुळीतून आले हो,’ असं प्रत्येक जण म्हणतो. अगं बाई, ती धूळ गेल्या वर्षीची आहे! एक हवालदार यायचे. रस्त्यावर त्यांना बघून सायकलवाले खाली उतरत. माझी तिरकी कड त्यांच्या तळव्याखाली जरा सरकली, की अंगात गणवेश असतानाच ‘ईई, नको ना!’ करून खुर्चीत गोळा व्हायचे. थोरली मला सरळ धरायला बघायची आणि मी तिरकी व्हायला बघायचे. दिवसभर एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर. मला तेच बरं वाटायचं. रिकामं पडून राहिलं की माझ्या अंगाला खाज सुटते.

धाकटी मागच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवायची. डोळे थकले तसं शिवण कमी झालं आणि एक दिवस ती टोपलीतून कोंबड्या घेऊन आली.

‘हे काय?’ थोरली म्हणाली.

‘कोंबड्या.’

‘ते दिसतंय मला. माझी गिऱ्हाईकं येतात इथे.’

‘त्यांचे पाय तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा स्वच्छ आहेत, ताई.’

झालं. कोंबड्या राहिल्या. त्यातली एक तुरा उंच करून, छाती पुढे काढून चालायची, तिचं नाव पडलं हवालदारीण. बाकीच्या दोघी सदा एकमेकींच्या मागे. आणि एक गोल, वजनदार, कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती ठमी. ठमी धाकटीच्या मागेमागे मशीनपर्यंत जायची आणि पायपट्टीशेजारी बसून राहायची. धाकटी तिच्याशी बोलायची. मशीन बंद असतानाही बोलायची. मी खिडकीत वाळत पडलेली असायचे, मला सगळं ऐकू येतं. थोरलीबद्दल काय काय सांगायची ते मी इथे सांगत नाही, घरात अजून राहायचंय मला.

खुराडं धाकटीनेच उभं केलं. खाली फरशी घातली, धुवायला सोपी म्हणून. बसायला पडद्याचा जुना लोखंडी पाईप आडवा टाकला, चांगला उंच. ‘वरून त्यांना सगळं परस दिसेल,’ म्हणाली. फार कौतुक होतं तिला त्या पाईपचं. हवालदारीण भुर्रकन वर जायची. ठमी दोनदा हुकायची, तिसऱ्यांदा कशीबशी चढायची आणि सकाळी उतरताना धप्पकन फरशीवर पडायची. शिवणाचं गाठोडं पडावं तशी. मी खिडकीत दचकायचे.

मग एकदा ठमीचं चालणं बदललं.

आधी कळलंच नाही. कोंबडी दुखणं लपवते. दाखवलं तर बाकीच्या टोचतात, म्हणून. ती फक्त एक पाय पोटाशी घेऊन उभी राहायला लागली. आता कोंबड्या तशा उभ्या राहतातच, त्यात काही नवल नाही. पण ही चालतानाही तो पाय पटकन उचलायची, तव्यावर ठेवल्यासारखा. दाणे टाकले की सगळ्या पळायच्या, ही शेवटी यायची. पुढे तर बसल्या बसल्याच मान लांब करून खायला लागली. पाईपवर चढणं सोडलं. मशीनपर्यंत येणंही सोडलं.

तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं. ‘ताई, ठमी लंगडतेय गं.’

थोरली आली. बघायलाच आली होती, पण पाय म्हटल्यावर तिला राहवेना. ठमीला काखेत धरलं, उलटं केलं, तळवा वर केला. तळव्याच्या मधोमध काळं, गोल, शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी घट्ट बसलं होतं.

थोरलीचा चेहरा असा खुलला!

‘अगं, कुरूप! कोंबडीला कुरूप!’

‘कोंबडीला होतं कुरूप?’

‘पाय आहे ना तिला? मग होतं. आण तिला पुढे.’

आणि ठमी उंच खुर्चीवर बसली. खरंच सांगते. टबात कोमट पाणी, गळ्याभोवती टॉवेल, सगळं साग्रसंगीत. हवालदार नेमके बाहेर थांबले होते, ते म्हणाले, ‘माझा नंबर होता.’ थोरली म्हणाली, ‘ती तुमच्यासारखी हसत नाही, लवकर होईल.’ सगळे हसले. मीही हसले. मग थोरलीने मला मुठीत धरलं आणि त्या काळ्या बटणावर टेकवलं.

माझं हसू तिथेच थांबलं.

हे बघा, मी शिकलेली नाही, पण कुरूप मला कळतं. कुरूप गार असतं. कोरडं असतं. भातात खडा लागावा तसं लागतं. हे गरम होतं. वरून टणक आणि खाली फुगलेलं, आणि आत काहीतरी ठणठण ठणठण करत होतं. ठमीच्या छातीत जेवढ्या वेगाने चाललं होतं, तेवढ्याच वेगाने तळव्यात. मी ओरडले, ‘अगं थांब, हे आपलं काम नव्हे!’ पण माझं ओरडणं म्हणजे खरखर. थोरलीला वाटलं, छान घासलं जातंय.

तिने वरचं काळं खरवडून काढलं, कुरूपाची औषधी पट्टी लावली आणि वर बोटाने टिचकी मारली. ‘आठवड्यात पळेल.’

पळाली नाही. काळं बटण परत धरलं, आधीपेक्षा मोठं. थोरलीने परत खरवडलं. परत पट्टी. त्या पट्टीत कातडी जाळायचं औषध असतं, ते माणसाच्या जाड कातडीसाठी. ठमीचा तळवा लाल झाला, बोटांच्या मधलं सुजून वर आलं. आणि थोरलीचा उत्साह असा की ‘बाकीच्यांनाही होण्याआधी घासून ठेवू’ म्हणत तिने मला त्याच पाण्यातून हवालदारणीच्या पायाला लावलं. थोड्याच दिवसांत हवालदारणीच्या तळव्यालाही डाळीएवढा काळा ठिपका आला. छाती पुढेच, पण चाल लंगडी.

तेव्हा जी तडफड झाली माझी! खिडकीत पडले तर पडवत नव्हतं. हातात घेतलं की निसटायला बघायचे. एकदा तर साबणाच्या हातातून निसटून थेट मोरीच्या जाळीपाशी जाऊन पडले. मी मुद्दाम पडले. बरं, साबण जास्त झाला होता हेही खरं, पण श्रेय मी घेते. थोरलीने मला उचललं, धुतलं आणि परत कामाला लावलं.

बहिणींची जुंपली.

‘ताई, पुरे. तिला दवाखान्यात नेऊ या.’

‘पायासाठी? माझ्या घरातला पाय मी दुसऱ्याला दाखवायला नेऊ? लोक काय म्हणतील? पायवालीला स्वतःच्या घरचं कुरूप जमलं नाही?’

‘लोकांचं काय घेऊन बसलीस! ती खात नाहीये. काल पाण्यापाशीसुद्धा गेली नाही, मी वाटी नेऊन धरली तिच्यापुढे.’

‘मी जन्मभर पायांशी बसलेय, धाकटे. मला शिकवू नकोस.’

‘माणसांच्या पायांशी,’ धाकटी म्हणाली. ‘ठमी गेली ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि मग मला बोलायला कुणीच उरणार नाही.’

 थोरली नुसती ठमीचा पाय घेऊन बसली. आणि हट्टाने, घाईने, पुन्हा मला चालवलं. ठमीने हिसका दिला, मी घसरले, आणि माझी ती शिंकेची कड थोरलीच्या अंगठ्यात गेली. तिने तोंडात घातल्यासारखं केलं, मग पाण्यात बुडवून तसंच काम उरकलं. हातमोजे तिने जन्मात घातले नव्हते. ‘मोज्यातून पाय कळत नाही,’ म्हणायची.

अंगठा सुजला. आधी गुलाबी, मग लाल, मग चकाकायला लागला. मला धरता येईना. गिऱ्हाईकं परत जायला लागली. पुढची खोली बंद. मी खिडकीत, खुर्ची रिकामी, टब पालथा. घर असं गप्प मी कधी बघितलं नव्हतं.

एका दुपारी थोरली परसाच्या पायरीवर बसली होती, अंगठा वर धरून. वर धरला की ठणका कमी होतो म्हणे. शेजारी ठमी, एक पाय वर धरून. दोघी अगदी एकसारख्या, एरवी बघून मला हसू आलं असतं, पण आलं नाही. थोरली बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आपला अंगठा आपल्या गालाला लावला. मग वाकून ठमीचा पाय अलगद उचलला आणि तोही गालाला लावला. परत अंगठा. परत पाय.

दोन्ही सारखेच गरम होते. मला आधीपासून माहीत होतं. तिला आत्ता कळलं.

‘धाकटे,’ तिने हाक मारली, ‘मोठी पिशवी काढ. आणि चप्पल घाल.’

आधी माणसांच्या दवाखान्यात गेलो. तिथे थोरलीला गोळ्या मिळाल्या आणि अंगठ्याला पांढरा फेटा. मग बसने जनावरांच्या दवाखान्यात. मीही होते, पिशवीच्या तळाशी. ‘कसं घासलं ते डॉक्टरणीला दाखवायला लागेल’ म्हणून थोरलीने मला घेतलं होतं. कंडक्टर ओळखीचा, टाचांच्या भेगांचं जुनं गिऱ्हाईक.

‘पायवाल्या ताई, कोंबडी सीटवर नको, मांडीवर घ्या.’

‘आजारी आहे हो ती.’

‘मग तिला बसू द्या. तुम्ही उभ्या राहा.’

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या वर केलेल्या. तिने हातमोजे घातले, ठमीला टॉवेलात गुंडाळून उताणी धरली, पाय दिव्याखाली घेतला. बोटाने कडेकडेने दाबलं. नाकाने सूं केलं.

‘हे कुणी खरवडलंय?’

 धाकटी छताकडे बघत होती. मग थोरलीने पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

‘हिने,’ म्हणाली.

घ्या! मी! इतकी वर्षं मूठ धरणारी ती, आणि नाव माझं!

डॉक्टरीण हसली, पण थोडंच. ‘मावशी, हे कुरूप नाही. कोंबडीच्या तळव्याला आधी एखादी बारीक जखम होते. खडा, लाकडाची कूस, काहीतरी. नाहीतर जड कोंबडी उंचावरून टणक जमिनीवर सारखी आपटते. त्या फटीतून घाण आत जाते. वर काळी खपली धरते आणि आत पू साठतो. पक्ष्याचा पू पातळ नसतो, आतल्या आत घट्ट गोळा होतो. आणि घासल्याने तो जात नाही, उलट आत ढकलला जातो.’

‘मग?’ धाकटीचा आवाज बारीक झाला होता.

‘मग आत हाडापर्यंत पोचला तर पाय वाचत नाही. आणि एका पायाची एवढी वजनदार कोंबडी…’ तिने पुढचं सांगितलं नाही. ‘बघू या. अजून सूज तळव्याच्या वर चढलेली नाही. इतकं झाल्यावर हे घरी कापायचं नसतं हं, कुणी काही सांगितलं तरी. मी बधिर करून काढते.’

धाकटीने थोरलीचा हात धरला. सुजलेल्या अंगठ्याचाच धरला. थोरली कळवळली, पण सोडवला नाही.

डॉक्टरणीने खपली मऊ करून उचलली आणि आतून पिवळट, घट्ट गोळा काढला, हरभऱ्याएवढा. तळव्याला खड्डा राहिला. तो धुतला, तपकिरी औषध लावलं, मलम भरलं, वर जाळीचं कापड, आणि बोटांच्या मधून घेत घेत पट्टी. मोजे काढता काढता तिने विचारलं, ‘बसायला काय आहे यांना?’

धाकटीला तेवढंच हवं होतं. ‘उंच पाईप आहे! पडद्याचा. वरून सगळं परस दिसतं त्यांना.’

‘आणि खाली?’

‘फरशी. धुवायला सोपी.’

‘किती उंच?’

धाकटीने हात डोक्याच्या वर नेला. डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. धाकटीचा हात हळूहळू खाली आला. खांद्याशी. मग कमरेशी. मग तिने तो मागेच घेतला.

 ठमी तेवढी ‘कॉक’ म्हणाली.

‘रुंद फळी टाका,’ डॉक्टरीण शेवटी म्हणाली. ‘पाय पसरून बसता येईल अशी, गुडघ्याच्याही खाली. कडा गोल, कूस एक नको. फरशीवर भरपूर कोरडा भुसा, आणि ओला झाला की लगेच बदलायचा. दुसरीचा ठिपका अजून लहान आहे म्हणता? तिला आणून दाखवा, पण तोवर कोमट पाण्यात एप्सम मीठ टाका, औषधाच्या दुकानात मिळतं, त्यात पाय भिजू द्या. मग पुसून हे औषध आणि पट्टी. पट्टी ओली झाली की बदला. दोघींना बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, नाहीतर पट्टी टोचून काढतील. मोजे घालूनच हात लावायचा, मावशी. तुम्हाला आता सांगायला नकोच. आणि ठमीचं पोटातलं औषध चालू असेपर्यंत तिची अंडी खाऊ नका. कधीपासून खायची ते मी सांगेन.’

मग तिने मला पेनच्या टोकाने ढकललं. ‘आणि ही. हिला आता कुणाच्याही पायाला लावायचं नाही. माणसाच्या नाही, कोंबडीच्या नाही.’

झालं. एवढी वर्षं पायांत काढली आणि एका पेनच्या टोकाने निवृत्त झाले.

परतीच्या बसमध्ये थोरलीला टोमणा मारायची नामी संधी होती. पाईपवरून अख्खं आयुष्य पुरेल इतकं बोलता आलं असतं. तिने तोंड उघडलंही. मग धाकटीकडे बघितलं आणि टोमणा गिळला. मी पिशवीतून घशाखाली उतरताना बघितला.

‘मी दांडी उंच केली,’ धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

‘मी खरवडलं.’

‘आपण दोघी मिळून एक कोंबडी सांभाळू शकत नाही, ताई.’

‘दोघी मिळून सांभाळलीच कुठे? तू तिचं वरचं बघितलंस, मी खालचं.’

आणि दोघी एकदम हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कंडक्टर म्हणाला, ‘काय झालं?’ थोरली म्हणाली, ‘तुमच्या भेगांची आठवण झाली.’

पुढचे दिवस पुढच्या खोलीचं रुग्णालय झालं. ठमी शिवणाच्या खोक्यात, कोरड्या गवतावर. हवालदारीण दुसऱ्या खोक्यात, रागावून. कोंबड्यांचा टब वेगळा, गिऱ्हाइकांचा वेगळा. थोरली मोजे घालायची आणि पट्टी अशी बांधायची की बघत राहावं. बोटांच्या मधून, वरून, मागून, घट्ट नाही आणि सैलही नाही. पाय तिला कळतात, ते कुठे जाणार? फक्त आता दर वेळी पट्टी सोडली की आधी वाकून गाल जवळ न्यायची, चिकटवायची नाही, नुसता जवळ. ‘अजून कोमट आहे,’ म्हणायची. धाकटी श्वास रोखून शेजारी उभी.

हवालदार परत यायला लागले. त्यांना आता दुकानातली गुलाबी, मऊ, प्लास्टिकची वजरी लावतात. ते हसत नाहीत. परवा म्हणाले, ‘पहिल्यासारखी मजा नाही राहिली.’ मी खिडकीतून ऐकलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

मला थोरलीने पातेल्यात घालून खळाखळा उकळलं. सगळं आयुष्य त्या पाण्यात तरंगलं म्हणा ना. मग पुसून खिडकीत ठेवलं. टाकवेना तिला, आणि वापरायची तर चोरी. मी उन्हात पडून. खाज. नुसती खाज. वाटायचं, कुणीतरी उचला, कशालाही घासा, भिंतीला घासा.

सुताराने फळी आणून दिली. रुंद, जाड, ठमीला पाय पसरून बसता येईल अशी. धाकटीने तळहात फिरवला आणि ‘आई गं’ केलं. हातात कूस.

‘ताई, ती वजरी कुठे टाकलीस?’

‘डॉक्टरणीने पायाला लावू नको म्हटलंय.’

‘पायाला कोण लावतंय?’

आणि मग मी कामाला लागले! आळीपाळीने दोघींच्या हातात. सरळ खाचांनी पाठ घासली, तिरक्यांनी कडा गोल केल्या. लाकडाचा भुगा माझ्या खाचांतून उडत होता. कोपऱ्यातली एक गाठ काही ऐकेना, तिला मी दोन दिवस गुदगुल्या केल्या. शेवटी ती पण मऊ झाली. थोरली डोळे मिटून गाल फळीवरून फिरवत गेली या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘एकही नाही,’ म्हणाली.

फळी गुडघ्याखाली बसवली. खाली भुसा, मऊ, कोरडा. हवालदारणीचा ठिपका गळून पडला, ती लगेच फळीवर जाऊन उभी राहिली आणि बाकीच्या दोघींना दटावायला लागली. ठमीचा खड्डाही भरला, पट्टी सुटली. पण ठमी काही चढेना. भुशात बसून राहते. फळीकडे बघते आणि मान वळवते. डॉक्टरीण म्हणाली, दुखत असेल किंवा भीती असेल, तिची ती ठरवेल. धाकटी रोज विचारते, ‘ताई, पाय आतून बरा झाला असेल ना गं?’ थोरली रोज म्हणते, ‘झालाय.’ पण ती जरा जास्त मोठ्याने म्हणते.

तर असं आहे. तेवढ्यासाठीच आज दोघी पायरीवर बसल्यात. धाकटी बटण लावतेय, एकच बटण, मघापासून. थोरली रिकामा टब पुसतेय. इकडे बघत नाहीत, म्हणजे इकडेच बघतायत. आणि मला फळीच्या टोकावर विसरल्यात. सकाळी एक शेवटची कड घासली तेव्हापासून.

तुमच्याकडे कोंबड्या असतील तर एक ऐका माझं. त्या तुराच दाखवतात, छातीच दाखवतात, पाय दाखवत नाहीत. तुम्हीच उचला आणि उलटं करून बघा, लंगडायच्या आधी. काळं बटण दिसलं, सूज दिसली, हाताला गरम लागलं, तर घासू नका आणि हुशारी करू नका. आणि…

थांबा.

ठमी उठली.

दोन पावलं आली. तो पाय टेकवला, उचलला, परत टेकवला. धाकटीच्या हातातलं बटण पायरीवरून घरंगळत गेलं, तिला पत्ता नाही. ठमीने मान तिरकी करून फळी बघितली. मला बघितलं. पंख हलवले, आणि धप्पकन वर आली. पहिला पाय फळीवर. दुसरा, तोच दुखरा पाय, सरळ माझ्यावर.

सगळं वजन टाकून उभी राहिलीय. हलत नाहीये. तळव्याला नवी, नाजूक कातडी आहे. आत ठणठण नाही, काही नाही.

गार आहे. दगडासारखा गार आहे हो तिचा पाय!

डॉक्टरणीला सांगू नका.